बेथलेहेमच्या गोष्टीत गोठा कुठे आहे?

डिसेंबर लागला की वसईत आमच्या घरी माळ्यावरचा खोका खाली येतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मरीया, योसेफ, कान तुटलेलं गाढव, बैल, दोन मेंढपाळ आणि उंटांसकट तीन राजे. भाताचा पेंढा आणायचा, बांबूच्या कामट्या आणि गोणपाटाचा गोठा उभारायचा. येशूच्या जन्माची ही गोष्ट मी आधी मांडायला शिकले, वाचली मागाहून. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "टीचर, त्या धर्मशाळेच्या मालकाचं नाव काय?" मी म्हटलं, बघून सांगते. घरी येऊन बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेलं येशूचं चरित्र, उघडलं. नाव सोडाच, मालकच नव्हता. हातात कंदील धरून "जागा नाही, पुढे जा" म्हणणारा जो माणूस मी प्रत्येक नाताळच्या नाटकात पाहिला होता, तो त्या पानावर कुठेच नाही. गाढवावरचा प्रवास नाही. आणि गोठा हा शब्दही नाही.

त्या दिवसापासून मी ही गोष्ट मूळ ग्रीक शब्द समोर ठेवून वाचू लागले. या वाचनाने माझी श्रद्धा हलली नाही, उलट ती गोष्ट मला पहिल्यांदा घरातली वाटली. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

येशू आणि त्याचे शिष्य आपसात बोलत ती भाषा अरामी. पण त्याच्याविषयीची चारही शुभवर्तमानं आपल्यापर्यंत आली ती ग्रीकमध्ये. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे सगळीकडे जी बोलली जाऊ लागली, ती ही ग्रीक. तिला 'कोइने' म्हणतात, म्हणजे सामाईक, सर्वांची. व्यापारी हिशेब लिहिताना आणि बापाला पत्र पाठवताना हीच भाषा वापरायचा. १८९७ पासून ग्रेनफेल आणि हंट या दोघा अभ्यासकांनी इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाचे जुने उकिरडे उकरले, तेव्हा अशा पावत्या, करार, आमंत्रणं यांचे ढीगच्या ढीग हाती आले. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागातला, एखादा शब्द साध्या माणसांच्या तोंडी कसा होता, हे त्यांवरून पडताळता येऊ लागलं. दुसरा मोठा आधार म्हणजे हिब्रू धर्मग्रंथांचं, आपल्या जुन्या कराराचं, प्राचीन ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात त्याची सुरुवात झाली. लूकच्या वाक्यांमध्ये त्याची लय सतत ऐकू येते.

आता तो श्लोक पाहू. लूक, अध्याय २, ओवी ७. त्यातला एक ग्रीक शब्द मी मुद्दाम तसाच ठेवते: "तिने आपल्या पहिल्या मुलाला जन्म दिला, त्याला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत निजवलं, कारण त्यांना 'कतालुमा'त जागा नव्हती."

सगळी कथा या 'कतालुमा'वर उभी आहे. आपल्याकडच्या प्रचलित मराठी बायबलमध्ये त्या जागी 'उतारशाळा' असा शब्द आहे. उतारशाळा म्हटलं की मालक आला, मालक आला की नकार आला, नकार आला की रस्ता, थंडी आणि शेवटी कुणाचा तरी गोठा. एका शब्दामागून सगळं नाटक आपोआप उभं राहतं.

शब्दाचा अर्थ तपासायची पहिली आणि सोपी रीत अशी: तोच लेखक तोच शब्द आणखी कुठे वापरतो ते बघायचं. लूक हा शब्द आणखी एकदाच वापरतो, बाविसाव्या अध्यायात. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण, म्हणजे येशूचं शेवटचं भोजन, कुठे करायचं हे ठरवताना येशू शिष्यांना एका घरमालकाकडे पाठवतो आणि विचारायला सांगतो, "मी माझ्या शिष्यांसह जेवेन ती कतालुमा कुठे आहे?" घरमालक त्यांना माडीवरची मोठी, मांडून ठेवलेली खोली दाखवतो. इथे मराठी बायबल म्हणतं 'उतरण्याची खोली'. तेच शुभवर्तमान, तोच शब्द. पण जन्माच्या वेळी ती उतारशाळा झाली आणि निरोपाच्या वेळी घरातली खोली.

दुसरी रीत: लेखकाला वेगळं काही म्हणायचं असतं तर त्याच्याजवळ दुसरा शब्द होता का? लूकजवळ होता. दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आहे. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला शोमरोनी उचलतो, आपल्या जनावरावर बसवतो आणि पैसे घेऊन मुक्काम देणाऱ्या ठिकाणी नेतो. तिथे लूक 'पांदोखेइओन' लिहितो. शब्दाची फोड केली तर 'सगळ्यांना घेणारं'. तिथे मालकही आहे आणि त्याच्या हातावर दोन दिनार ठेवले जातात. ही खरी उतारशाळा. मराठीत या शब्दालाही 'उतारशाळा'च म्हटलं आहे. म्हणजे ग्रीकमध्ये वेगळे असलेले दोन शब्द मराठीत एक झाले, आणि ग्रीकमध्ये एक असलेल्या शब्दाचे मराठीत दोन झाले. भाषांतर करणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांच्या मनातही लहानपणापासूनचा गोठाच होता.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने शुभवर्तमानांच्या लॅटिन भाषांतरावर हात फिरवला. त्यात हा फरक शाबूत आहे. जन्माच्या ओवीत आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, लूकमध्ये दोन्हीकडे 'दिव्हेर्सोरियुम' हा एकच शब्द, आणि शोमरोन्याच्या गोष्टीत वेगळा शब्द. जेरोम पुढे बेथलेहेमातच राहायला गेला आणि तिथेच वारला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा तपास एकांगी होईल. 'कतालुमा' म्हणजे पाहुण्यांची खोलीच, असं ठामपणे म्हणता येत नाही. सेप्टुअजिंटमध्ये निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशे इजिप्तच्या वाटेवर रात्री कुठेतरी मुक्काम करतो, तिथेही हाच शब्द आहे. ज्या क्रियापदापासून तो बनला त्याचा मूळ अर्थ 'सोडणं, मोकळं करणं'. प्रवासी मुक्कामाला आला की जनावरांचं जू सोडतो, ओझं उतरवतो. 'उतरणे' हे आपलं क्रियापद जवळपास तेच काम करतं: "कुठे उतरलात?" असं आपण पाहुण्याला विचारतो. म्हणून कतालुमाचा नेमका अर्थ 'उतरायची जागा'. ती कुणाच्या घरातली आहे की सार्वजनिक, हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवायचं. लूकचा मजकूर मला घराकडे नेतो. तो 'पांदोखेइओन' टाळतो. घरमालकाचा नकार तो सांगत नाही. आणि सहाव्या ओवीत तो म्हणतो, "ते तिथे असताना तिचे दिवस भरले." तिथे असताना. म्हणजे दोघं बेथलेहेमात येऊन काही काळ लोटलेला असू शकतो. वेशीवर पोहोचताच कळा सुरू झाल्या, हे आपण भरलेलं आहे.

मग गव्हाण कुठून आली? ती मात्र नक्की आहे. ग्रीक शब्द 'फात्ने'. लूक ती तीनदा सांगतो, मेंढपाळांना तीच खूण दिली जाते. इथे मला वाटतं, पुस्तकी पंडितांपेक्षा आपल्या मावळातल्या किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला हा श्लोक लवकर समजेल. पावसाळी मुलखातल्या जुन्या घरांत माणसं आणि गुरं एकाच छपराखाली असायची. दारातून आत शिरलं की एका अंगाला म्हैस, बैल. चार पावलं पुढे चूल. गव्हाण आहे म्हणजे वेगळा गोठा असलाच पाहिजे, असं तिथे कुणाला वाटणार नाही.

पॅलेस्टाईनच्या डोंगराळ भागातली शेतकऱ्यांची घरं अशीच होती, आणि तशी घरं तिथे विसाव्या शतकापर्यंत टिकली. एक मोठी खोली. तिचा एक भाग दोनचार पायऱ्या उंच, तिथे कुटुंब राहायचं, जेवायचं, झोपायचं. खालचा भाग दाराजवळ, तिथे रात्री जनावरं आत घ्यायची, ऊब मिळायची आणि चोरीची भीती नसायची. उंच भागाच्या कडेला दगडात कोरलेली किंवा मातीची गव्हाण. जमलं तर मागे किंवा वर एखादी जादा खोली, पाहुण्यांसाठी. लूकच्याच तेराव्या अध्यायात येशू टीकाकारांना विचारतो, शब्बाथाच्या, म्हणजे कामाला बंदी असलेल्या विश्रांतीच्या दिवशीही तुम्ही आपला बैल किंवा गाढव फात्नेपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? रोज सकाळी प्रत्येक घरातून जनावर सोडलं जात होतं, म्हणून तर त्या प्रश्नाला धार आहे. जुन्या करारातल्या पहिल्या शमुवेल या पुस्तकात एन-दोर गावच्या एका बाईकडे पोसलेलं वासरू होतं, ते "घरात" होतं.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ओवी पुन्हा वाचा. योसेफ आपल्या वाडवडिलांच्या गावी आला आहे. नातेवाइकांचं घर माणसांनी भरलं आहे. पाहुण्यांच्या खोलीत बाळंतपणाला जागा उरलेली नाही. म्हणून मरीया घरच्यांच्या मोठ्या खोलीत बाळंत होते आणि बाळाला सगळ्यांत सुरक्षित, मऊ जागी, पेंढ्याने भरलेल्या गव्हाणीत निजवते. बाळंतपण म्हटलं की आसपासच्या बायका आल्याच: कुणी पाणी तापवलं असेल, कुणी फडकी आणली असतील. लूक त्या बायकांचा उल्लेख करत नाही, त्यामुळे त्या मी तुमच्या गळ्यात मारणार नाही. पण त्यांना घराबाहेर काढणारा शब्दही ग्रीकमध्ये नाही. वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आले की बेथलेहेमने दार लावून घेतलं. लूकने दार लावल्याचं लिहिलेलंच नाही. एका अख्ख्या गावावर आपण हा आळ घेत आलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरातल्या जन्माची ही समजूत काही आजची नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को सांचेझ दे लास ब्रोसास नावाचे प्राध्यापक होते. येशू गोठ्यात नव्हे, घरात जन्मला, असं ते म्हणत. १५८४ मध्ये त्यांना इन्क्विझिशनपुढे, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयापुढे, उभं राहावं लागलं, आणि आरोपांत हेही एक वाक्य होतं.

गोठ्याइतकीच जुनी, किंबहुना जास्त जुनी, गुहेची परंपरा आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर गुहेचा उल्लेख करतो. तो त्याच प्रदेशातला, आजच्या नाबलूसचा. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळी बांधलेलं जन्ममंदिरही गुहेवरच उभं राहिलं. बायबलमध्ये गुहा नाही. पण या डोंगराळ भागात गुहेच्या तोंडाशी घर बांधून आतली जागा जनावरांना ठेवत, त्यामुळे घर आणि गुहा यांत भांडण लावायचं कारण नाही.

आता बैल आणि गाढव. ते लूकमध्ये नाहीत, आणि जन्माची गोष्ट सांगणारं दुसरं शुभवर्तमान मत्तयचं, त्यातही नाहीत. तरीही ख्रिस्तजन्माच्या सगळ्यांत जुन्या शिल्पांत ते हटकून दिसतात. मिलानमधल्या सांत अंब्रोजिओ चर्चमध्ये चौथ्या शतकातली एक दगडी शवपेटी आहे. तिच्यावर बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे, आणि मरीया-योसेफ दोघंही नाहीत! ही जनावरं आली कुठून? एक धागा जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात आहे: "बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते." सेप्टुअजिंटमध्ये इथे 'फात्ने' हाच शब्द आहे. लूकची गव्हाण वाचताना जुन्या ख्रिस्ती वाचकाच्या कानात ही ओळ वाजली नसती तरच नवल.

दुसरा धागा याहून गमतीचा आहे. जुन्या करारातल्याच हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात तो संदेष्टा देवाला विनवतो, "या वर्षांच्या मध्ये तुझं काम जिवंत कर." हिब्रूत त्या काळी फक्त व्यंजनं लिहीत, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. 'वर्षं' आणि 'दोन' या दोन शब्दांची व्यंजनं हिब्रूत एकच आहेत. ग्रीक भाषांतरकाराने 'दोन' वाचलं, 'जिवंत कर' मधून 'जिवंत प्राणी' काढले आणि वाक्य झालं: "दोन प्राण्यांच्या मध्ये तू ओळखला जाशील." मग हे दोन प्राणी कोणते? यशयाने नावं दिलेलीच होती. बहुधा सातव्या शतकाच्या सुमाराचं एक लॅटिन पुस्तक, ज्याला आज 'खोट्या मत्तयाचं शुभवर्तमान' म्हणतात, हे दोन्ही आधार शेजारी शेजारी ठेवून बैल-गाढवाला बाळापुढे गुडघे टेकायला लावतं. पुढे १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस असिसीकरने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून देखावा उभा केला. आमच्या खोक्यातलं कान तुटलेलं गाढव त्याच वंशातलं. मी ते काढून टाकणार नाही. व्यंजनांच्या एका वेगळ्या वाचनातून माणसांनी एवढं प्रेम उभं केलं, ते मला पुसावंसं वाटत नाही. फक्त मुलांना सांगताना 'लूक म्हणतो' असं मी आता म्हणत नाही.

राजांचं प्रकरण मत्तयमध्ये आहे, आणि मुळात हेच ध्यानात घ्यायला हवं की ती वेगळी गोष्ट आहे. लूककडे मेंढपाळ आहेत, गव्हाण आहे. तारा नाही, पूर्वेचे पाहुणे नाहीत. मत्तयकडे तारा आणि पाहुणे आहेत. मेंढपाळ नाहीत, गव्हाण नाही, नासरेथहून केलेला प्रवासही नाही. दोघांच्या गोष्टी एकाच पेंढ्यावर आपण मांडल्या.

मत्तय म्हणतो, "पूर्वेकडून मागोइ आले." मराठी बायबलने 'मागी लोक' हा शब्द राखला, ते चांगलं केलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या लिखाणात मागोइ ही प्राचीन इराणातल्या मेदी लोकांची एक जमात, यज्ञ करणारी आणि स्वप्नांचे अर्थ सांगणारी. दानीएलच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द बाबेलच्या राजदरबारातल्या मांत्रिकांच्या यादीत येतो. नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तर कुप्र (सायप्रस) बेटावरचा एक लबाड जादूगारही मागोसच आहे. म्हणजे मत्तयच्या पहिल्या वाचकांना हा शब्द ऐकून मुकुट दिसला नसेल. परक्या धर्माचे, आकाश वाचणारे, थोडे संशयास्पद लोक दिसले असतील. असे लोक दूरवरून येऊन वाकतात आणि जवळचा राजा हेरोद तलवार काढतो. मुकुट चढवला की या गोष्टीची निम्मी धार जाते, असं माझं मत आहे.

मुकुट स्तोत्र ७२ मधून आले, जिथे दूरदेशीचे राजे भेटी आणतात, आणि यशयाच्या ६० व्या अध्यायातून, जिथे राजे उजेडाकडे येतात आणि सोनं आणि ऊद घेऊन उंट येतात. उंटही तिथलेच. आकडा तीन हा भेटींवरून: सोनं, ऊद, गंधरस. मत्तयने माणसं मोजलेली नाहीत. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या जुन्या चित्रांत कुठे दोन आहेत, कुठे चार; सिरियाच्या परंपरेत बारा. गास्पार, मेल्खियोर, बाल्थासार ही नावं तर कित्येक शतकांनंतरची.

गोव्यात मांडवीच्या उत्तर तीरावर किल्ला आणि चर्च आहे, रेईश मागूश. पोर्तुगीजमध्ये 'रेईश' म्हणजे राजे आणि 'मागूश' म्हणजे मागी. परंपरेचा शब्द आणि मत्तयचा शब्द, दोन्ही एकाच पाटीवर नांदत आहेत. ६ जानेवारीला कासावली, कुएली, आरोशी या गावांतली तीन मुलं मुकुट घालून घोड्यांवरून कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलाकडे निघतात. मी ते एकदा पाहिलं आहे. तिथे उभं राहून "मत्तयने तीन म्हटलेलं नाही" असं सांगत सुटणाऱ्याला ग्रीक आली असेल, सण आला नाही.

आणखी दोन बारीक शब्द. मागोइ बाळाला भेटतात ते 'ओइकिया'त, म्हणजे घरात. हे मत्तय साफ लिहितो. आणि ते आले तेव्हा बाळ किती दिवसांचं होतं? हेरोद दोन वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मारायला सांगतो, त्यावरून काही काळ लोटला असावा. काहीजण आणखी एक पुरावा देतात: लूक तान्ह्या बाळाला 'ब्रेफोस' म्हणतो, तर मत्तय 'पायदिओन', म्हणजे लहान मूल. हा पुरावा कच्चा आहे. लूक स्वतःच दुसऱ्या एका आठ दिवसांच्या बाळाला, योहानाला, पायदिओन म्हणतो. शब्दांच्या तपासात आपल्याला हवं ते सापडलं की हात आखडता घ्यायला शिकावं लागतं, हे मी या शब्दापाशी शिकले.

ताऱ्याबाबत एक व्याकरणाची गोष्ट. मागोइ 'अनातोलोन', पूर्वेकडून, आले. हे अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ दिशा. पण "त्याचा तारा आम्ही पाहिला" म्हणताना शब्द एकवचनी होतो: 'अनातोले'. एकवचनात त्याचा अर्थ 'उगवणं' असाही होतो. "आम्ही पूर्वेला त्याचा तारा पाहिला" यापेक्षा "त्याचा तारा उगवताना आम्ही पाहिला" हे मला जास्त पटतं. आकाश वाचणारे लोक असंच बोलतील.

तारखेवर फार थांबत नाही, कारण ग्रीक शुभवर्तमानांत तारीख नाहीच. २५ डिसेंबरची सगळ्यांत जुनी खात्रीची नोंद रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात आहे. त्याआधी, इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट लोकांचे वेगवेगळे अंदाज नोंदवतो, त्यातला एक २० मे आहे. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं.

गेल्या वर्षी आम्ही घरचा देखावा बदलला. गोणपाटाच्या जागी पुठ्ठ्याचं घर केलं, दोन पायऱ्यांचं, वर चूल आणि खाली बैल-गाढव. गव्हाण मधल्या कडेला. मागच्या खोलीत माझ्या भाचीने मातीची सात-आठ माणसं दाटीवाटीने बसवली. ती कतालुमा. मेंढपाळ दारात आहेत. मागोइ मात्र बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या कपाटावर ठेवले, पूर्वेच्या भिंतीकडे, आणि भाची त्यांना रोज वीतभर पुढे सरकवत होती.